निविदेतली ती एक ओळ काढा : स्टोरेज सर्व्हरच्या प्रोसेसरला झोपू द्या

प्रति,
शासकीय कार्यालये, महापालिका, विद्यापीठे आणि सहकारी बँका यांच्या संगणक विभागांत स्टोरेजच्या निविदा लिहिणारे आणि यंत्रणा ताब्यात घेणारे अधिकारी

विषय : स्टोरेज सर्व्हरच्या प्रोसेसरची वीजबचत सरसकट बंद ठेवण्याच्या अटीबाबत

महोदय / महोदया,

प्रोसेसरची वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद करून सर्व्हर ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर द्यावेत, अशा अर्थाची एक ओळ स्टोरेजच्या निविदांमध्ये जुन्या फायलीतून नव्या फायलीत उतरत राहते. ती काढावी आणि तिच्या जागी मोजून तपासता येईल अशी अट घालावी, ही आमची विनंती आहे. काही यंत्रणांना ती ओळ खरोखर लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या कोणत्या, हे ओळखण्याचे काम ही ओळ कोणालाच करू देत नाही.

आधी मूळ गोष्ट. प्रोसेसरच्या कोअरला काम नसते तेव्हा तो झोपतो, आणि त्या झोपेला पायऱ्या असतात. पहिली डुलकी म्हणजे सी-१, त्याहून थोडी खोल सी-१-ई, आणि गाढ झोप म्हणजे सी-६. सी-६ मध्ये कोअरचा वीजपुरवठा जवळजवळ तोडलाच जातो. झोप जितकी गाढ, तितकी बचत जास्त आणि उठायला वेळही जास्त. लिनक्समधल्या इंटेल-आयडल ड्रायव्हरच्या तक्त्यात स्कायलेक पिढीच्या झिऑन प्रोसेसरसाठी हे आकडे लिहिलेले आहेत : सी-१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद, सी-१-ई मधून १०, आणि सी-६ मधून १३३. शिवाय सी-६ मध्ये निदान ६०० मायक्रोसेकंद झोपायला मिळाले तरच ती झोप परवडते, असेही तोच तक्ता सांगतो. पुढच्या पिढ्यांचे आकडे वेगळे आहेत, पण प्रमाण साधारण हेच.

आता हे १३३ मायक्रोसेकंद कशाशेजारी ठेवायचे, ते पाहू.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी सात-आठ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनाला असे बारा मिलिसेकंद जातात. त्यात प्रोसेसर उठण्याचे ०.१३३ मिलिसेकंद मिळवले तर वाढ एक टक्क्याच्या आसपास. ही वाढ वापरणाऱ्याला कळत नाही, आलेखातही दिसत नाही. हार्ड डिस्कच्या सर्व्हरवर सी-६ बंद करणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

एनव्हीएमई फ्लॅश म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्ह. त्यांचे गणित याच्या उलट आहे. चांगल्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हवर चार केबीचे एक वाचन ८० ते १०० मायक्रोसेकंदांत होते. तिथे १३३ मायक्रोसेकंदांची जाग खुद्द वाचनापेक्षा मोठी ठरते. सेफसारख्या, डेटा अनेक सर्व्हरवर विखरून ठेवणाऱ्या वितरित स्टोरेजमध्ये तर एका लिखाणाच्या वाटेत अनेक जण झोपलेले भेटतात. विनंती मुख्य ओएसडीकडे (एक डिस्क सांभाळणाऱ्या सेवेकडे) येते, तिथून दोन प्रतींकडे जाते, त्यांची पोच परत येते आणि मग क्लायंटला उत्तर जाते. या वाटेवर एकामागून एक चार ठिकाणी कोअर गाढ झोपेतून उठवावे लागले तर ५३२ मायक्रोसेकंद नुसते उठण्यात गेले. इथे झोपेची खोली आवरायलाच हवी, आणि ती कशी आवरायची ते पुढे लिहिले आहे.

थोडक्यात, झोप कुठवर द्यायची हे खाली कोणते माध्यम आहे त्यावर ठरते. निविदेतली ती ओळ माध्यम विचारतच नाही.

सीसीटीव्हीच्या साठवणीचे उदाहरण घेऊ, कारण अलीकडे पालिकांकडून मोठ्या साठवणीची मागणी येते ती बऱ्याचदा याच कामासाठी. ५०० कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट. एकूण २,००० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २५० मेगाबाइट. दिवसाचे २१.६ टेराबाइट, तीस दिवसांचे ६४८ टेराबाइट. १६ टेराबाइटच्या डिस्का १०+२ अशा रेड-६ गटांत (दहा डिस्का डेटाच्या, दोन पॅरिटीच्या, म्हणजे दोन डिस्का गेल्या तरी डेटा परत काढून देणाऱ्या जादा माहितीच्या) लावल्या तर पाच गट आणि साठ डिस्का लागतात. पॅरिटी धरून सेकंदाला ३०० मेगाबाइट लिहायचे आहे, म्हणजे प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ५ मेगाबाइट. सलग लिहिताना ही डिस्क २०० मेगाबाइटच्या पुढे जाते. रेड-६ ची पॅरिटी काढायला किती वेळ लागेल, ते लिनक्स स्वतः चालू होताना मोजून लॉगमध्ये लिहितो; ‘रेड-६’ शब्दाने लॉग शोधला की सापडते. आजच्या एका कोअरचा तो वेग सेकंदाला अनेक गिगाबाइट असतो. म्हणजे २५० मेगाबाइटसाठी एका कोअरचा थोडासाच वेळ पुरतो. उरलेले तीस-चाळीस कोअर चोवीस तास, बारा महिने, काहीही न करता जागे ठेवायला ती ओळ सांगते.

आणि जागे ठेवण्याची किंमत प्रोसेसरपाशी थांबत नाही. त्याची उष्णता बाहेर काढायला सर्व्हरचे पंखे जोराने फिरतात. पंख्याची वीज फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग २० टक्क्यांनी उतरला तर पंख्याची वीज जवळपास निम्मी होते (०.८ चा घन ०.५१२). त्यावर खोलीतली वातानुकूलन यंत्रणा. एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. एका सर्व्हरमागे ५० वॅट वाचले असे धरा : वर्षाला ४३८ युनिट. डेटा सेंटरचा पीयूई (एकूण वीज भागिले संगणकांची वीज) १.६ धरला तर मीटरवर ७०० युनिट. असे चाळीस सर्व्हर असतील तर अठ्ठावीस हजार युनिट. तुमच्या सर्व्हरवर ५० च्या जागी खरा आकडा किती येतो, ते एका दुपारात मोजून होते.

ती ओळ ज्या वेगासाठी लिहिली जाते, तो वेगही काही कामांत तिच्यामुळेच घटतो, हे आवर्जून सांगायला हवे. टर्बोचा, म्हणजे प्रोसेसर नेहमीच्या वारंवारतेच्या वर जातो तेव्हाचा, सर्वोच्च वेग किती कोअर जागे आहेत यावर ठरतो. सी-६ मध्ये गेलेला कोअर त्या मोजणीतून वगळला जातो. सी-१ मध्ये डुलक्या घेणारा जागाच धरला जातो. सगळ्यांची गाढ झोप बंद केली की सगळे कायम जागे धरले जातात आणि एकट्या कोअरला मिळणारा सर्वांत वरचा टर्बो हातचा जातो. एकाच थ्रेडवर चालणारी कामे, उदाहरणार्थ एका क्लायंटचे सांबा (फाइल शेअरिंग) कनेक्शन, एसएसएचवरून चाललेला आरसिंक (फायलींची नक्कल), एका थ्रेडचे कॉम्प्रेशन, नेमकी याच टर्बोवर जगतात. ‘आयडल पोल’ हा कर्नेल पर्याय आणखी वाईट : कोअर झोपतच नाही, रिकाम्या चक्रात फिरत राहतो आणि त्याच कोअरवरच्या जुळ्या हायपरथ्रेडचा वाटाही खातो.

प्रत्यक्ष लावणी कशी करायची ते आता क्रमाने.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे सर्व्हरच्या मूळ फर्मवेअरच्या मांडणीपासून. तिथे नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे द्यायचे. डेलच्या सर्व्हरवर सिस्टिम प्रोफाइलमध्ये ‘परफॉर्मन्स पर वॅट, ओएस’ असा पर्याय आहे. एचपीईवर पॉवर रेग्युलेटरमध्ये ‘ओएस कंट्रोल’. बायोसने लगाम स्वतःकडे ठेवला तर लिनक्समध्ये वारंवारतेचा ड्रायव्हर चढतच नाही, आणि मग खालच्या सगळ्या आज्ञा हवेत जातात. सी-स्टेट चालू ठेवावेत. मात्र बायोसच्या पडद्यावर जे दिसते तेच घडते असे समजू नये, कारण इंटेल-आयडल ड्रायव्हरकडे स्वतःचा तक्ता असतो आणि कर्नेलच्या आवृत्तीनुसार तो बायोसचे कमी-अधिक ऐकतो. खरे काय ते टर्बोस्टॅट ही लिनक्सची आज्ञा सांगते. त्यात सी-६ चा टक्का, प्रत्यक्ष मेगाहर्ट्झ आणि पॅकेजचे वॅट एका ओळीत दिसतात. रिकाम्या सर्व्हरवर सी-६ चा स्तंभ शून्य दाखवत असेल, तर झोप कुठेतरी अडवलेली आहे : बायोसमध्ये, कर्नेलच्या बूट ओळीत किंवा ट्यून्ड या लिनक्सच्या जुळवणी सेवेच्या प्रोफाइलमध्ये. ट्यून्डचे ‘लेटन्सी-परफॉर्मन्स’ (लेटन्सी म्हणजे उत्तराला लागणारा उशीर) प्रोफाइल गाढ झोप रोखते, आणि ते कोणी लावले हे बहुधा कोणाच्या लक्षात नसते.

मग गव्हर्नर, म्हणजे वारंवारता कशी ठरवायची हे सांगणारे धोरण. इथे नावामुळे मोठा घोटाळा होतो. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रीक ड्रायव्हरवर ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे वारंवारता तळाला खिळवणे, आणि तो स्टोरेजसाठी वाईटच. काम हळू होते, कोअर जास्त वेळ जागा राहतो, आणि वाचलेली वीज तिथेच परत जाते. पण इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर सक्रिय पद्धतीत असताना त्याच ‘पॉवरसेव्ह’चा अर्थ निराळा आहे : प्रोसेसर लोड पाहून वारंवारता स्वतः वरखाली करतो. नाव ऐकून घाबरून ‘परफॉर्मन्स’ लावला की आणखी एक दार बंद होते. वीज आणि वेग यांतला कल ठरवणारी ईपीपी ही किल्ली मग ‘परफॉर्मन्स’ सोडून दुसरे मूल्य घेतच नाही. आज्ञा दिली तर ‘डिव्हाइस बिझी’ अशी चूक येते. आमची शिफारस : गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’, ईपीपी ‘बॅलन्स-परफॉर्मन्स’. एएमडीच्या ईपिक सर्व्हरवर एएमडी-पीस्टेट ड्रायव्हर कर्नेल ५.१७ पासून आला आणि ईपीपीची सक्रिय पद्धत ६.३ पासून. त्याहून जुना कर्नेल असेल तर ‘शेडयुटिल’ गव्हर्नर घ्या.

हार्ड डिस्कच्या सर्व्हरचे काम इथे संपले. मात्र डिस्कांपुढे फ्लॅशचे जर्नल (लिखाण आधी टिपून घेणारी जागा) लावले असेल आणि लिखाणाची पोच तिथूनच दिली जात असेल, तर तो सर्व्हर लिखाणापुरता फ्लॅशचाच समजावा.

फ्लॅशच्या सर्व्हरवर झोप पूर्ण बंद न करता तिला तळ घालायचा. सीपीयूपॉवर या साधनाच्या आयडल-सेट आज्ञेला मोठ्या लिपीतला ‘डी’ (-D) पर्याय आणि २० हा आकडा दिला की २० किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंद घेणाऱ्या पायऱ्या बंद होतात. सी-१-ई शिल्लक राहते, सी-६ जाते. त्याहून चांगली वाट म्हणजे कोअरनिहाय मर्यादा. प्रत्येक कोअरच्या सिसएफएस (कर्नेलच्या मांडणीच्या) फोल्डरमध्ये, पॉवरच्या आत, पीएम-क्यूओएसची रिझ्यूम-लेटन्सी फाइल असते. एनव्हीएमई आणि नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट (प्रोसेसरला लक्ष द्यायला सांगणारे इशारे) ज्या आठ-दहा कोअरवर येतात, आणि स्टोरेजचे थ्रेड जिथे बांधलेले आहेत, तेवढ्याच कोअरच्या फाइलमध्ये २० लिहा. बाकीच्यांना गाढ झोपू द्या. त्यांच्या झोपेमुळे जाग्या कोअरना टर्बोही मिळतो. या फाइलमध्ये शून्य लिहिणे म्हणजे ‘बंधन नाही’. झोप अजिबात नको असेल तर ‘एन/ए’ लिहावे लागते. शून्य म्हणजे शून्य उशीर, असे समजून बरेच जण उलटेच करून बसतात. इंटरप्ट कोअरमध्ये वाटणारी आयआरक्यू-बॅलन्स सेवा चालू असेल तर इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर सरकतील आणि ही मेहनत फुकट जाईल. निवडलेले इंटरप्ट आधी त्यातून वगळून घ्या.

आणखी एक चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी लिहितो. ‘सीपीयू-डीएमए-लेटन्सी’ या डिव्हाइस फाइलमध्ये आकडा लिहून स्क्रिप्ट बाहेर पडते, आणि मर्यादा लागली असे सगळे धरून चालतात. ती मर्यादा फाइल उघडी असेपर्यंतच टिकते. स्क्रिप्ट संपली, फाइल बंद झाली, मर्यादा गेली. फाइल उघडी धरून बसणारी सेवा हवी, किंवा ट्यून्डच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ते मूल्य हवे. स्टोरेज सॉफ्टवेअर आभासी यंत्रात चालत असेल तर आतून काहीही केले तरी उपयोग नाही. बदल होस्टवरच करायचा.

एसपीडीकेसारखे, फ्लॅशशी थेट बोलणारे आणि पोलिंगवर चालणारे सॉफ्टवेअर वेगळे हाताळावे लागते. त्याला दिलेले कोअर इंटरप्टची वाट न पाहता सतत विचारत राहतात, म्हणून एकही विनंती नसताना टॉप या आज्ञेत १०० टक्के दिसतात. हा लोड खरा नव्हे, आणि तो पाहून जादा प्रोसेसर मागणे चूक आहे. एसपीडीकेमध्ये डायनॅमिक शेड्युलर आहे. तो हलके थ्रेड थोड्या कोअरवर गोळा करतो आणि मोकळे कोअर इंटरप्ट पद्धतीत टाकतो. तो आपणहून चालू नसतो, चालू करावा लागतो. पुरवठादाराला हे विचारा.

वीज मोजताना दोन आकडे घ्या. टर्बोस्टॅट आणि आरएपीएल (प्रोसेसरमधलाच ऊर्जामापक) फक्त प्रोसेसर व मेमरीचे सांगतात. डिस्का, पंखे आणि पॉवर सप्लायची गळती त्यात येत नाही. पूर्ण सर्व्हरचा आकडा बीएमसीकडून (सर्व्हरमधल्या देखरेखीच्या चिपकडून), आयपीएमआयच्या डीसीएमआय पॉवर रीडिंगने, किंवा रॅकच्या मीटर असलेल्या पीडीयूवरून (वीजवाटप पट्टीवरून) घ्या. आरएपीएलची ऊर्जा-फाइल २०२० पासून रूटशिवाय वाचता येत नाही, कारण त्या आकड्यांवरून गुप्त किल्ल्या ओळखता येतात हे त्या वर्षी दाखवले गेले. देखरेखीच्या एजंटला आकडे मिळत नसतील तर आधी हे तपासा. परवानगी सरसकट उघडू नका.

वेग मोजताना सरासरीवर जाऊ नका. झोपेचा त्रास कमी लोडवर दिसतो, जास्त लोडवर नाही, कारण भरगच्च कामात कोअर झोपतच नाहीत. म्हणून एफआयओ या साधनाने चाचणी चार केबी, विखुरलेले वाचन, क्यू-डेप्थ एक (एका वेळी एकच विनंती), अशी घ्या आणि ९९ व ९९.९ वा शतमक पाहा (९९ वा शतमक म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा). क्यू-डेप्थ १२८ वर घेतलेल्या स्वीकृती चाचणीत सी-६ चा परिणाम जवळजवळ पुसला जातो. मग रात्री शांत वेळी बँकेचे एखादे छोटे काम रेंगाळते, आणि चाचणी उत्तीर्ण झालेली असल्यामुळे कोणाला कारण सापडत नाही.

पॉवर कॅपबद्दल मात्र सावध करतो. रॅकची वीज मर्यादेत राहावी म्हणून सर्व्हरवर कॅप लावली जाते. ती कॅप डिस्क गेल्याच्या दिवशीच खरी जाचते, कारण त्या दिवशी पॅरिटी, चेकसम आणि इरेजर कोडिंग एकदम चालते. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरायला २२ तास लागतात. कॅपमुळे दर निम्मा झाला तर ४४ तास. तेवढा काळ गटाचे संरक्षण एका डिस्कने कमी असते. म्हणून स्टोरेज सर्व्हरची कॅप रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर उभारणे) चालू असताना मोजलेल्या विजेच्या वर ठेवा. ही एक जागा अशी आहे जिथे वीज वाचवण्याच्या विरुद्ध आम्ही ठामपणे उभे राहू.

कामच कमी करणे हाही मार्ग आहेच. व्हिडिओ, जेपीईजी आणि आधीच दाबलेले बॅकअप झेडएफएस फाइल सिस्टिमवर जीझिप-९ या जड पद्धतीने पुन्हा दाबण्यात वीजच जाते; एलझेड-४ ला डेटा दबत नाही हे लवकर कळते आणि तो तो भाग सोडून देतो. सेफचे डीप स्क्रब (साठवलेला डेटा वाचून तपासणे) मूळ मांडणीत आठवड्याला एकदा होते आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते. स्क्रबचा सुरुवातीचा आणि शेवटचा तास कार्यालयीन वेळेबाहेर बांधून द्या, पण स्क्रब बंद करू नका.

पॉवर सप्लायचे वॅटही निविदेत डोळे मिटून चढवू नयेत. ३०० वॅट ओढणाऱ्या सर्व्हरला १,६०० वॅटचे दोन सप्लाय दिले की प्रत्येकावर १५० वॅट, म्हणजे नऊ-दहा टक्के लोड येतो. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रात प्लॅटिनमपर्यंतच्या श्रेण्यांना इतक्या कमी लोडवर अटच नाही; टायटॅनियमला ती आहे : १० टक्के लोडवर ९० टक्के.

रिकाम्या सर्व्हरची वीज किती, हा प्रश्न पुरवठादाराला नवा नाही. युरोपीय संघाच्या २०१९/४२४ या नियमाने १ मार्च २०२० पासून एक आणि दोन सॉकेटच्या सर्व्हरना रिकाम्या अवस्थेतल्या विजेची मर्यादा घातली आहे. तिथे विकणाऱ्या उत्पादकांना हा आकडा काढावाच लागतो. तो इथेही मागावा.

निविदेत त्या ओळीच्या जागी घालता येईल असा मसुदा देत आहोत. आपापल्या गरजेप्रमाणे आकडे भरावेत.

‘सर्व्हरचे वीज-नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे असावे व सी-६ उपलब्ध असावा. पुरवठादाराने रिकाम्या, १० टक्के, ५० टक्के लोडच्या व एका डिस्कच्या रीबिल्डच्या अवस्थेतील पूर्ण सर्व्हरची वीज वॅटमध्ये द्यावी. चार केबी विखुरलेल्या वाचनाची क्यू-डेप्थ १ वरील ९९ व्या शतमकाची लेटन्सी ____ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त नसावी. वीज व लेटन्सी हे दोन्ही आकडे एकाच मांडणीवर, मध्ये कोणताही बदल न करता, स्वीकृती चाचणीत दाखवावेत. गाढ झोपेवर बंधन घातले असल्यास कोणत्या कोअरवर, किती मायक्रोसेकंदांचे व कशासाठी, ते लेखी द्यावे. फर्मवेअर अद्ययावत केल्यानंतर ही मांडणी पुन्हा तपासून द्यावी.’

शेवटचे वाक्य मसुद्यातून गाळू नका. फर्मवेअर बदलल्यावर बायोसचे प्रोफाइल मूळ मूल्यावर परत गेलेले आढळते, आणि ते पुढचे वीजबिल येईपर्यंत कोणी पाहत नाही.

कळावे,

आपले,
स्टोरेज यंत्रणा बसवणारे व चालवणारे काही अभियंते